गुडघ्याची वाटी आणि पाण्याची पाळी

सांगवी, २० ऑक्टोबर १९३६

आज कालव्याच्या चारीला आपलं पाणी होतं, आणि आजच माझ्या धाकट्या भावाचा, सोपानचा, डावा गुडघा गेला. नांगरटीच्या दिवशी तो जात नाही, बाजाराच्या दिवशी जात नाही, मोहनरावांच्या ओसरीवर मांडी ठोकून गप्पा हाणताना तर मुळीच जात नाही. बरोबर पाण्याच्या दिवशी जातो. पाण्याची पाळी कधी येणार हे कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी आम्हाला आदल्या दिवशी कळवतो. सोपानच्या गुडघ्याला तो बहुधा आठवडाभर आधी कळवत असावा.

मी वरच्या बांधावर होतो. सोपान खाली उसात दारं धरत होता. एक सरी भरली की तिचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्या सरीचं खोऱ्याने फोडायचं, एवढंच काम. तेवढ्यात "तात्या" अशी हाक आली. मी पोचलो तर हा चिखलात पाय लांब करून बसलेला, चेहरा पांढराफटक. म्हणाला, वाटी बाहेर सरकली होती, बसवली. मी गुडघा पाहिला. वाटी जागच्या जागी. थोडी सूज होती, पण ती नुसतं आपटल्यानेही येते. ती वाटी सरकलेली मी आजवर एकदाही पाहिलेली नाही. मी पोचायच्या आत ती शहाण्यासारखी घरी परतलेली असते.

दरम्यान आमचं पाणी बांध फोडून खाली मोहनरावांच्या रानात गेलं. मोहनराव म्हणजे सोपानच्या बायकोचे, सिंधूचे, सख्खे मामा. आज एवढंच लिहून ठेवतो.

जेवण झाल्यावर थोडा खोकला आला. द्वारका लगेच पाणी तापवायला धावली. माझ्या बायकोला खोकल्याचा बाऊ करायची भारी हौस आहे.

२ नोव्हेंबर

सोपानला गाडीत घालून शेळगावला नेलं. तिथल्या झुंबर वैद्याचं हाडं बसवण्यात नाव आहे. म्हाताऱ्याने तेल लावून गुडघा चोळला, पट्टा आवळून बांधला आणि सांगितलं, "पान्यात उतरू नगंस. चिखलात पाय रवू नगंस."

माझ्या मनात पाल चुकचुकली. हा इंदापूर तालुक्यातला म्हातारा, आमच्या चारीचं पाणी त्याने कशाला बघितलंय? नेमकं पाण्याचंच त्याला कसं सुचलं? मी बैल सोडायला गेलो होतो तेवढ्यात सोपानने त्याचे कान भरले, यात शंका नाही. परत येताना मी तसं आडून विचारलं. सोपान म्हणाला, "इचारलं त्यांनी, कवा जातो म्हनून. म्या सांगितलं." पाहा, कबूल.

हे पाण्याचं प्रकरण मुळापासून लिहून ठेवलं पाहिजे. दोन हिवाळ्यांमागे माझी छाती भरली होती. बारामतीहून डॉ. उपासन्यांना आणावं लागलं. त्यातून उठलो आणि तेव्हापासून सोपानने दारं धरायचं काम आपल्याकडे घेतलं. "तुमी बांधावर बसा, तात्या," असं म्हणायचा. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आई-वडील गेले तेव्हा हा एवढासा होता, त्याला मी आणि द्वारकेने वाढवला. वाटलं, पोर जाणतं झालं. आता वाटतं की पाणी ज्याच्या हातात त्याच्या हातात रान. आणि गेल्या उन्हाळ्यात लग्न झाल्यापासून गुडघा जायला लागला. आधी असं काही नव्हतं, निदान माझ्या कानावर नव्हतं.

१९ नोव्हेंबर

दिवाळी गोडीत गेली. फार गोडीत गेली, हेच मला खटकलं. सोपान सारखा पुढे-पुढे करत होता, सिंधू खाली मान घालून राबत होती. ती माझ्याशी बोलत नाही, मोठ्या दिरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. पण न बोलणारं माणूस काय विचार करतं ते कळायला मार्ग नसतो.

आज मी सोपानला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या मनात वाटणीचं काही आहे का. तो लगेच "न्हाय" म्हणाला. इतक्या लगेच उत्तर येतं म्हणजे विचार आधी झालेला असतो. मी द्वारकेला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, त्यानं दम खाऊन उत्तर दिलं असतं तर तुमी काय म्हनला असता? बायकांना तर्कशास्त्र कळत नाही.

२८ नोव्हेंबर

आज पुन्हा पाण्याचा दिवस. बारामतीला जातो असं घरी सांगितलं. पिशवी घेऊन वेशीपर्यंत गेलो, ओढ्याने वळसा घातला आणि आपल्याच उसात शिरून बसलो. स्वतःच्या रानात चोरासारखं बसायची वेळ आली.

सोपान दारं धरण्यात वाकबगार आहे, हे मान्य केलं पाहिजे. डावा पाय चिखलात रोवायचा, खोरं भरून माती उचलायची आणि कमरेतून उजवीकडे वळून सरीच्या तोंडात टाकायची. हात कसा सपासप चालतो. तशीच माती टाकताना एकदा त्याचं अंग वळलं आणि चिखलातला पाय वळला नाही. तो मटकन खाली बसला. गुडघा गुडघ्यासारखा दिसेना. वाटी बाहेरच्या अंगाला जाऊन भलत्याच जागी उंचवटा आला होता.

तो ओरडला नाही. मुंडाशाचं टोक दातांत धरलं, दोन्ही हातांनी पाय सरळ केला आणि तळव्याने वाटी आत दाबली.  मग तो ढुंगणावर सरकत सरीच्या तोंडाशी गेला आणि हातांनी चिखल ओढून ते बुजवलं. मोहनरावांच्या रानात थेंब गेला नाही. हे सगळं करून झाल्यावर त्याने मान खाली घातली.

इतक्यात मला खोकल्याची उबळ आली. उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला तरी आवाज निघालाच. त्याने मान वर केली. "कोन हाय तितं?" मी श्वास रोखला. थोडं थांबून तो उठला आणि लंगडत पुढच्या सरीला लागला.

संध्याकाळी मी बारामतीहून आल्यासारखा घरी आलो आणि गुडघा कसा आहे विचारलं. म्हणाला, "बरा हाय की." चेहऱ्यावर सुरकुती नाही.

आता नीट विचार केला पाहिजे. आधी ओरडायचा तेव्हा मला संशय आला. आज ओरडला नाही, तर संशय वाढतोच. दुखलं तर माणूस ओरडतो. न ओरडण्याचं कारण एकच, मी उसात आहे हे त्याला कळलं होतं. आणि वाटी सरकली हे खरं असलं तरी ती आपोआप सरकते हे कशावरून? जत्रेत एक माणूस हवा तेव्हा खांदा निखळवून दाखवतो आणि लोक त्याला टाळ्या देतात.

तरी तो भलत्या जागचा उंचवटा डोळ्यांपुढून जाईना. 

९ डिसेंबर

सोपानला बारामतीला डॉ. उपासन्यांकडे नेलं. सोंग असेल तर डॉक्टरच्या हाताखाली उघडं पडेल, असा माझा हिशेब.

डॉक्टरांनी त्याला बाकावर आडवं केलं आणि अंगठ्याने वाटी हळूच बाहेरच्या बाजूला ढकलायला सुरुवात केली. वाटी हललीही नव्हती, तोच सोपानने झडप घालून डॉक्टरांचं मनगट धरलं. अजून दुखलंच नाही आणि हा घाबरला. मी डॉक्टरांकडे अर्थपूर्ण पाहिलं. डॉक्टरांनीही माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं, पण त्यांचा अर्थ निराळा निघाला. म्हणाले, ज्याची वाटी खरोखर निसटते तोच असा हात धरतो, कारण आता काय होणार हे त्याच्या अंगाला आधी कळतं. याला तेल-पट्ट्यांनी गुण येणार नाही. पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागेल.

यावर सोपान म्हणाला, "नगं. ऊस रानात उभा हाय. तात्या एकटं पडतील."

मी चमकलो. सोंग करणारा माणूस शस्त्रक्रियेला का भितो? चिरल्यावर आत काही निघणार नाही म्हणून. त्या क्षणी मला वाटलं, न्यावंच याला पुण्याला.

बाहेर पडवीत कन्हेरीचा भीमा बसला होता. त्याची मागे अंडवृद्धीची शस्त्रक्रिया झाली आहे. त्याने मला क्लोरोफॉर्मची हकीकत सांगितली. तो वास नाकात गेला की माणसाच्या पोटातलं सगळं ओठावर येतं, काही लपवता येत नाही. शेजाऱ्याचं हरवलेलं बोकड आपणच खाल्लं होतं, ते भीमाने तिथे सगळ्यांसमोर सांगून टाकलं आणि शुद्धीवर आल्यावर नर्स त्याच्याकडे पाहून हसत होत्या.

येताना गाडीत मी सोपानला सांगितलं, शस्त्रक्रिया करायची. माझा शब्द तो मोडत नाही. त्याला वाटलं मी गुडघ्यासाठी म्हणतोय. त्याचे डोळे भरून आले. मी बैलांकडे बघत राहिलो.

पुणे, २२ जानेवारी १९३७

संक्रांत झाल्यावर निघालो. बारामतीच्या छोट्या गाडीने दौंड, तिथून मोठ्या गाडीने पुणे. घरून निघताना सोपानने द्वारकेला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते विचारलं तर म्हणाला, घरचंच.

इथले शस्त्रवैद्य डॉ. पाटणकर मोठे गृहस्थ आहेत, पण शेतकऱ्याशी बोलताना आवाज चढवत नाहीत. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आत काय करणार ते समजल्याशिवाय मी माझ्या भावाला टेबलावर चढवणार नाही. ते हसले नाहीत. मोटेचा नाडा चाकावरून कधी उतरतो, असं त्यांनी मला उलट विचारलं. मी म्हणालो, बैल ज्या उतारावरून मोट ओढतात ती धाव तिरकी पडली की नाडा एका अंगाला ओढतो आणि उतरतो. मग तुम्ही काय करता? धाव सरळ करतो. ते म्हणाले, तेच करायचं आहे. वाटीच्या खालचा पट्टा नडगीच्या हाडाला बांधलेला असतो. त्याची ओढ बाहेरच्या बाजूला पडते आहे. पट्ट्याचा बाहेरचा अर्धा भाग सोडवून, आतल्या बाजूला नेऊन शिवायचा. बाहेरच्या अंगाला जे आवळलेलं आहे ते सैल करायचं. मग वाटी आपल्या वाटेने चालेल.

समजलं. समजलं म्हणून संशय कमी झाला असं नाही, पण माणसाला मोट माहीत आहे, ही गोष्ट वेगळी.

मी त्यांना विनंती केली की भुलीच्या वेळी मला जवळ राहू द्या. भाऊ लहान आहे, भितो. आत येता येणार नाही म्हणाले, पण दाराशी बाकावर बसायला हरकत नाही. मला तेवढंच हवं होतं.

२५ जानेवारी

सकाळी सोपानला नेलं. जाताना माझा हात धरून म्हणाला, "तात्या, हितल्या गारठ्यात बसू नगा. उन्हाला बसा." मला तिथून हलवायचा हा डाव मी ओळखला आणि बाकावर घट्ट बसलो.

दार नीट लागत नव्हतं. गोडसर, डोकं उठवणारा वास फटीतून येत होता. आतून कुणीतरी सांगितलं, आकडे म्हणत राहा. सोपान आकडे म्हणू लागला. थोड्या वेळाने आकडे थांबले आणि तो दारं धरताना ओरडतो तसा ओरडला, "भरली, पुढची फोड." मग काहीतरी पुटपुटला. मी कान दाराला लावला. तेव्हा स्पष्ट ऐकू आलं, "तात्याला सांगू नगा." पुन्हा एकदा, "तात्याला सांगू नगा." नंतर सिस्टरने येऊन दार ओढून घेतलं.

म्हणजे भीमा खोटं बोलला नव्हता, आणि मीही खुळा नव्हतो. माझ्यापासून लपवण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते माझ्याच भावाच्या पोटात आहे.  जे शोधायला आलो ते सापडलं, आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, ठीक झालं. मी न विचारताच त्यांनी सांगितलं, भूल चढल्यावर त्यांनी नुसत्या बोटाने वाटी ढकलली, ती घसरून बाहेर गेली. "बेशुद्ध माणूस सोंग करत नाही, सावळारामराव." मी त्यांना सोंगाबद्दल कधी बोललो होतो कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, हा गुडघा किती वेळा गेला आहे? मी म्हणालो, दिवाळीच्या पुढेमागे दोन-तीनदा. ते म्हणाले, शक्य नाही. वाटीची आतली बाजू घासून खरबरीत झाली आहे. दोन वर्षं तरी हा गुडघा वरचेवर जात असला पाहिजे. याने तुम्हाला सांगितलं नाही?

नाही सांगितलं. आता हे आणखी एक. मला दाखवायला दोन-तीनदा, आणि माझ्यामागे कितीतरी वेळा. का?

शुद्धीवर आला तेव्हा त्याचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "पानी कुनी धरलं?" आज आपलं पाणी नव्हतं, मी सांगितलं. ओठ कोरडे पडले होते, ते मी ओल्या फडक्याने पुसले. सिस्टर म्हणाल्या, तुम्हीही जरा झोपा आता. मी म्हणालो, मला झोप येत नाही.

सांगवी, १६ फेब्रुवारी

सोपानला घेऊन घरी आलो. ऊस बघायला गेलो तर रान ओलं, सऱ्या नीट भरलेल्या. द्वारका म्हणाली, निघताना सोपानने सांगून ठेवलं होतं, म्हणून मोहनरावांनी दारं धरली. दुसऱ्याच्या उसाला मोहनराव पाणी देतात, तेही न मागता. कुठेतरी पाणी मुरतंय हे उघड आहे.

आज राहवलं नाही. सोपान ओसरीवर पाय लांब करून पडला होता. मी समोर बसलो आणि विचारलं, मला काय सांगायचं नाही? तो म्हणाला, कशाचं? मी भुलीतलं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, तो मी स्वतः पाहिला. म्हणाला, "मला आठवत न्हाय."

मग माझा तोल गेला. गुडघा दोन वर्षं जातोय हे लपवलंस, मामाशी संधान बांधलंस, माझ्या पाठीमागे सगळं ठरवलंस, असं बरंच बोललो. शेवटी म्हणालो, प्लास्टर निघालं की पंच बोलावून वाटणी करून टाकू. सुखाने राहा.

 त्याला उठता येत नव्हतं म्हणून तो तिथेच पडून राहिला, भिंतीकडे तोंड करून. द्वारकेने माझं ताट वाढलं आणि समोर न बसता आत निघून गेली.

१८ फेब्रुवारी

आज घडलेलं जसंच्या तसं लिहितो.

तिसऱ्या प्रहरी मी गोठ्यात दोरी वळत बसलो होतो. सिंधू धार काढायला आली. मी आहे हे तिला दिसलं. एरवी ती अशा वेळी माघारी फिरते. आज फिरली नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, माझ्याकडे पाठ केली, गाईच्या मानेवर हात ठेवला आणि गाईशी बोलू लागली. मोठ्याने.

"कपिले, तुला एक सांगायचं हाय. मान्साला सांगायचं न्हाय म्हनून मला शपथ घातलीया. तू काय मानूस न्हाईस."

मी दोरी वळायचं थांबवलं.

"तात्यांची छाती भरली हुती तवा डाक्टर ह्यांना पडवीत न्हेऊन बोलले. म्हनले, तुझा भाऊ पुन्यांदा गार पान्यात उभा ऱ्हायला तर हाती लागायचा न्हाय. तात्यांना सांगितलं तर ते ऐकायचं न्हाईत, म्हनून ह्यांनी सांगितलंच न्हाय. दारं आपल्याकडं घेतली. पयल्याच हिवाळ्यात गुडगा गेला. तवापासनं दर पान्याला जातोय. मुकाट बसवत्यात. अगदीच उठता आलं न्हाय तर हाक मारत्यात. कळलं तर तात्या सवता पान्यात उतरतील, म्हनून कुनाला सांगू नगंस म्हनले."

मग तिने धार काढली. तांब्या भरल्यावर उठली, गाईला म्हणाली, "आता तुझं तू बघ," आणि गेली.

गाय माझ्याकडे बघत होती. मी गाईकडे बघत होतो.

मला सगळ्यांत आधी डॉक्टर उपासन्यांचा राग आला. माझी छाती, आणि मला सोडून पडवीत सांगितलं. मग राग राहिला नाही. उसात बसलो होतो तो दिवस आठवला, मुंडाशाचं टोक दातांत धरलेलं त्याचं तोंड आठवलं. ते तोंड माझ्यासाठी मिटलेलं होतं. मी तिथेच वैरणीवर बसून रडलो. गोठ्यात कुणी नव्हतं.

नंतर मनात आलं, सिंधू खरं बोलते कशावरून? पुष्कळ विचार केला. पण गाईला खोटं सांगून कुणाला काय मिळणार, याचं उत्तर मला सापडलं नाही.

संध्याकाळी ओसरीवर जाऊन सोपानला म्हणालो, वाटणीचं मी रागाने बोललो. तो म्हणाला, "मला वाटलंच हुतं." एवढ्यावरच थांबलो. शपथ सिंधूने मोडली नाही, तर मी ती का मोडू?

४ मार्च

आज पाणी आलं. गडी सांगितला होता, तो आला नाही. आला असता तरी दारं धरली असती की बांधावर बिड्या ओढल्या असत्या हे सांगता येत नाही. मोहनरावांना बोलावणं मला जड गेलं. मीच उतरलो. घरी सांगितलं की गड्यावर लक्ष ठेवायला जातो.

पहाटेचं पाणी बर्फासारखं होतं. डावा पाय रोवला, खोरं भरलं, उजवीकडे वळलो, तर पाय चिखलात घट्ट आणि वरचं अंग फिरलेलं. गुडघ्याच्या वाटीवर अशी काही ओढ बसली की मी खोरं टाकलं. वाटी सरकली नाही, माझी धाव सरळ असेल. पण गुडघा पाण्याच्याच दिवशी का जातो, ते मला उभ्या जागी समजलं. पाटकऱ्याचा त्यात काही संबंध नाही.

दोन-चार सऱ्या भरल्या आणि खोकला सुरू झाला. थांबेना. बांधाला धरून वाकलो होतो, तेवढ्यात मोहनराव खालच्या रानातून आले. धोतर वर खोचून सरळ पाण्यात उतरले, माझ्या हातून खोरं घेतलं आणि म्हणाले, "तुमी बांधावर बसा."

अगदी सोपानचेच शब्द. यांचं आपसात ठरलेलं असणार.

मी बसलो. दम येईपर्यंत मोहनरावांनी निम्मं रान भिजवलं. या माणसाला यातून काय साधायचं आहे ते अजून माझ्या लक्षात येत नाही, पण नजर ठेवून आहे. निघताना ते म्हणाले, सोपानला सांगून गड्याचा बंदोबस्त करायला लावू का. मी म्हणालो, नको. सोपानला सांगू नका.

२० मार्च

शिमग्याच्या आधी पुण्याला जाऊन प्लास्टर काढून आणलं. पाय काठीसारखा बारीक झाला आहे आणि गुडघ्यावर लांब व्रण आहे. डॉ. पाटणकरांनी अंगठ्याने वाटी बाहेरच्या अंगाला दाबली. मी सोपानच्या हाताकडे बघत होतो. त्याने डॉक्टरांचं मनगट धरलं नाही. वाटीही जागची हलली नाही. डॉक्टरांनी आणखी जोर केला, तरी सोपान छताकडे बघत नुसता पडून राहिला. त्याच्या अंगाने भिणं सोडलं, एवढं मला कळलं.

पायाला वाळूची पिशवी बांधून तो रोज उचलायचा, म्हणजे मांडीत बळ येईल. चिखलात पावसाळ्यापर्यंत उतरायचं नाही. सोपानने विचारलं, मग पाणी? मी म्हणालो, गडी आहे.

८ एप्रिल

सोपान काठी टेकत आज प्रथम बांधावर आला. ऊस पाहिला, सऱ्या पाहिल्या. खाली वाकून चिखलातल्या पावलांचे ठसे बघत राहिला. मग विचारलं, "तात्या, दारं कुनी धरली?"

"गड्यानं."

"गड्याला डाव्या पायाचा आंगठा असा आत वळलेला हाय व्हय?"

मी म्हणालो, असेल, मी काही गड्याचे अंगठे बघत नाही. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. खोकला हाय का, विचारलं. नाही म्हणालो. नेमका तेव्हाच खोकला आला, तर धुरळा गेला असं सांगितलं. आसपास धुरळा नव्हता, सगळं रान भिजलेलं होतं.

घरी आल्यावर त्याने दोरीवर वाळत घातलेलं माझं धोतर हातात धरून त्यावरचा चिखलाचा डाग पाहिला. द्वारकेला काहीतरी विचारलं. सिंधूला बोलावून विचारलं. मी घाईघाईने गोठ्यात गेलो. सिंधू वैरण न्यायला तिथे येणारच होती. तिची पावलं दाराशी वाजली तेव्हा मी गाईच्या मानेवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "कपिले, सोपानला सांगू नगंस. उगं पान्यात उतरंल." दाराशी बांगड्या वाजल्या. ती हसली असावी.

जेवताना सोपान माझ्याकडे बघत होता. पाणी प्यालो तर बघतो, घसा खाकरला तर बघतो, उद्या कुठे जाणार विचारतो आणि सांगितलं तर खरं मानत नाही. हे पोर अलीकडे फार संशयी झालं आहे. आमच्या घरात आजवर कुणाचा असा स्वभाव नव्हता.